परतीच्या वाटेचा हिशोब

पहाटे नेवाशातून निघताना ओझं असं काही नसतं. गळाची काठी, गांडुळांचा डबा, फडक्यात बांधलेला कणकेचा गोळा, दोन भाकरी आणि पाण्याची बाटली. बॅटरी रात्रभर चार्ज झालेली, हवा गार, रस्ता मोकळा. विजेची दुचाकी अशी काही पळते की पेट्रोलच्या गाडीला इतकी वर्षं उगाच पैसे घातले असं वाटावं. दहा-साडेदहाला परत फिरताना मात्र तीच गाडी निराळी वाटते. जाळं नेलं असेल तर ते पाणी पिऊन दुप्पट जड झालेलं असतं. थर्माकोलच्या डब्यात बर्फ आणि मासे असतात, चाकांना किलोभर काळी माती चिकटलेली असते, ऊन चढलेलं असतं, बॅटरी अर्ध्यावर आलेली असते, आणि वाटेची सुरुवातच नदीच्या दरडीच्या चढाने होते.

शोरूममध्ये गाडी दाखवतात ती जातानाची. घ्यायची असते येतानाची. मासेमारीसाठी ई-बाईक किंवा ई-स्कूटर निवडताना मी याच एका गोष्टीला धरून चालतो, आणि या प्रकरणातलं जवळजवळ सगळं त्यातूनच निघतं.

आधी पाणी कुठे आहे ते पाहू. प्रवरा नेवाशाच्या अंगाखालूनच वाहते. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती या नदीच्या काठी. १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा अश्मयुगीन हत्यारांपासून ताम्रपाषाणयुगातल्या वस्तीपर्यंतचे थर या काठावर सापडले. माणूस इथे पाण्याला धरून फार जुना आहे. गावाजवळ डोह आहेत, केटी (कोल्हापुरी पद्धतीच्या) बंधाऱ्यांमागे साठलेलं पाणी आहे. तिथवर जाऊन यायला कोणतीही गाडी पुरते, सायकलसुद्धा. गळवाल्याला खरी ओढ असते ती पुढच्या पाण्याची. नेवासा फाट्यावरून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की प्रवरासंगम येतं. तिथे प्रवरा गोदावरीला मिळते आणि नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, फुगवटा सुरू होतो. कटला, राहू, मृगळ, चिलापी, मरळ, वाम, शिंगाडा असं सगळं या पाण्यात आहे. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये धरणाचं लोकार्पण झालं. धरणाची भिंत दहा किलोमीटरच्या आसपास लांब असली तरी जलाशय उथळ आणि पसरट आहे. त्यामुळे पाण्याचा काठ एका जागी राहत नाही. ऑक्टोबरमध्ये जिथे गळ टाकला, ती जागा मे महिन्यात भेगाळलेलं रान झालेली असते आणि पाणी पार लांब गेलेलं असतं. नकाशावरचं अंतर तेच राहतं, पण डांबर संपल्यानंतरची वाट उन्हाळ्यात वाढते. बॅटरी खाते ती हीच वाट.

आता गाडी. बाजारात दोन जाती आहेत आणि त्यांच्यातली रेघ कायद्याने आखलेली आहे. मोटरची ताकद २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ती गाडी मोटार वाहन धरली जात नाही. तिला नोंदणी नाही, लायसन नाही. त्यापुढची प्रत्येक गाडी नोंदवावी लागते. तिला हिरवी नंबरप्लेट मिळते, आणि लायसन, विमा, हेल्मेट हे सगळं लागतं. पहिली जात स्वस्त आणि हलकी म्हणून पुष्कळ लोक तिकडे वळतात. तिचा दरडीवरचा हिशोब करून पाहा. गाडी ४५ किलो, माणूस ७०, ओझं २०, म्हणजे १३५ किलो. दर दहा फुटांना एक फूट असा चढ धरला, आणि २५० वॉटमधले प्रत्यक्ष चाकापर्यंत १८० वॉट पोचले असं मानलं, तर गाडी ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चढेल. ही माणसाच्या चालण्याची गती झाली. शिवाय एवढ्या मंद गतीला चाकातली मोटर वीज कामाला कमी लावते आणि तापते जास्त, म्हणजे प्रत्यक्षात तेवढंही मिळत नाही. नदीच्या कित्येक वाटा यापेक्षा उभ्या आहेत. तिथे उतरून ढकलावंच लागतं.

म्हणून ही छोटी गाडी वाईट असं मी म्हणणार नाही. गावाशेजारच्या डोहापर्यंत जायचं असेल, ओझं एक काठी आणि एक पिशवी एवढंच असेल, तर पॅडलवाली ई-सायकल फार चांगली. बॅटरी संपली तरी पाय असतात. तिच्यात अडचण येते ती दुसऱ्याच कारणाने. काही विक्रेते कंट्रोलर बदलून किंवा मोठी मोटर घालून तिचा वेग वाढवून देतात. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा परस्पर बदललेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम उघडली होती, आणि ते योग्यच होतं. ब्रेक, सांगाडा आणि वायरिंग २५ च्या वेगासाठी बनवलेलं असतं. वेग तेवढा ४५ होतो, बाकी सगळं जुनंच राहतं. ज्या गाडीला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र नाही, किंवा प्रमाणपत्र एका गाडीचं आणि हातात गाडी दुसरीच आहे, ती घेऊ नये.

प्रवरासंगमला जाऊन यायचं तर तीस-पस्तीस किलोमीटर होतात, आणि त्यासाठी नोंदणीची स्कूटरच हवी. तिच्या बॅटरीची क्षमता युनिटमध्ये समजून घ्या. घरच्या वीजबिलातलं एक युनिट आणि बॅटरीचा एक किलोवॉट-तास हे एकच. तीन युनिटची बॅटरी असेल आणि डांबरी रस्त्यावर एकटा माणूस किलोमीटरला तीस वॉट-तास खर्च करत असेल, तर तळाला थोडी शिल्लक ठेवून नव्वदेक किलोमीटर होतात. कागदावरचा आकडा बहुधा याच्या आसपासचा किंवा याहून मोठा असतो. ओझं, कच्ची वाट, समोरचा वारा धरला तर खर्च दीडपट होतो आणि नव्वदाचे साठ उरतात. तीन-चार वर्षं वापरलेल्या बॅटरीची क्षमता पाचव्या हिश्शाने उतरली असेल, तर साठाचे अठ्ठेचाळीस. पस्तीस किलोमीटरच्या फेरीला अठ्ठेचाळीस पुरतात, पण मोठी सवड राहत नाही. म्हणून नवी गाडी घेतानाच चौथ्या वर्षीच्या परतीचा विचार करून बॅटरी निवडावी. वापरताना माझा नियम साधा आहे: पाण्यापाशी पोचलो तेव्हा बॅटरी साठ टक्क्यांच्या खाली असेल, तर त्या दिवशी आणखी पुढची जागा शोधायची नाही.

बॅटरीच्या रसायनाबद्दल विक्रेत्याला हमखास विचारा. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी हलकी असते आणि तेवढ्याच वजनात जास्त वीज साठवते. लोह-फॉस्फेटची, जिला एलएफपी म्हणतात, ती थोडी जड आणि बोजड, पण उष्णता जास्त सोसते आणि चार्ज-डिस्चार्जची आवर्तनं कितीतरी अधिक काढते. नेवाशाचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. मला इथे एलएफपी अधिक भरवशाची वाटते. तिचा एक स्वभाव ओळखून असावं. चार्ज कमी होत गेला तरी तिचा दाब बराच काळ जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे स्क्रीनवरची टक्केवारी चुकू शकते. तीस टक्के दिसता दिसता आकडा झपकन दहावर येतो. अधूनमधून पूर्ण चार्ज केली की मोजणी पुन्हा ठिकाणावर येते.

जुनी गाडी घेत असाल तर बॅटरीच्या बनावटीची तारीख बघा. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर स्कूटरना आगी लागल्या, त्यातली एक मार्चमध्ये पुण्याच्या धानोरीत भर रस्त्याच्या कडेला लागली. त्यानंतर सरकारने एआयएस-१५६ हा सुरक्षेचा मानदंड कडक केला. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ ला आणि दुसरा ३१ मार्च २०२३ ला लागू झाला. एका सेलने पेट घेतला तर ती आग शेजारच्या सेलकडे कशी पसरते याची परीक्षा त्यात आली, आणि बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेच्या अटी वाढल्या. २०२३ च्या मध्यानंतर बनलेली बॅटरी आणि त्याआधीची बॅटरी यांच्या किमतीत पाच-सात हजारांचा फरक असेल, तर तो फरक द्यावा. कुठल्याशा दुकानात सेल जोडून तयार केलेली बॅटरी तर फुकट मिळाली तरी घेऊ नये.

पाण्याशी गाठ असल्यामुळे आयपी या अक्षरांपुढचे दोन आकडे महत्त्वाचे. आयपी ६७ म्हणजे धूळ आत शिरत नाही आणि मीटरभर स्वच्छ पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालतं. ही परीक्षा नव्या रबराची आणि स्थिर पाण्याची असते. वाहत्या पाण्याचा जोर, गाळ, आणि धुलाई केंद्रातल्या पंपाची धार यांबद्दल ती काही हमी देत नाही. चाकातल्या मोटरचं तर आणखी एक दुखणं आहे. चढ-उतार करून ती तापते, आतली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर पडते. तशीच ती थंड पाण्यात घातली की आतली हवा आकुंचन पावते आणि रबराच्या बारीकशा फटीतून पाणी आत ओढून घेते. त्या दिवशी काहीच कळत नाही. महिना-दोन महिन्यांनी आत गंज धरतो, चाक घरघरू लागतं. म्हणून केटीवरून पाणी वाहत असताना गाडी घालू नये, आणि काठावर चाकं धुवायची असली तर मोटर हाताला गार लागेपर्यंत थांबावं. भंडारदरा-निळवंडे धरणांचं पाणी सुटलं की प्रवरा बघता बघता चढते, तेव्हा बंधाऱ्यावरून जाण्याचा मोह जिवावरचा आहे. तिथे प्रश्न मोटरचा नाही, माणसाचा आहे.

काळ्या मातीबद्दल इथल्या माणसाला मी काय सांगावं? तरी गाडीच्या बाबतीत एक गोष्ट सांगतो. ओली काळी माती टायरला थरावर थर चिकटते आणि मडगार्डमध्ये अडकून चाक जाम करते. दहा इंची चाकाच्या, मडगार्ड टायरला टेकलेल्या स्कूटरला तर ती शंभर पावलंही जाऊ देत नाही. बारा इंची किंवा त्याहून मोठं चाक, मडगार्ड आणि टायरमध्ये तीन बोटं जागा, पोटाखाली साधारण वीतभर उंची, एवढं शोरूममध्ये वाकून बघावं. नाथसागराच्या कडेला याहून फसवी जागा असते. पाणी उतरल्यावर गाळाचा वरचा पापुद्रा सुकतो, भेगा पडतात, पाय टेकला तर टणक वाटतं, आणि शंभर-सव्वाशे किलोची गाडी गेली की पापुद्रा फुटून चाक आसापर्यंत खाली जातं. रिकामी जमीन म्हणावी तर तिथे गाळपेर केलेली असते, कुणाचा हरभरा असतो, कुणाचा गहू. गाडी पक्क्या जमिनीवर, शक्यतो बाभळीच्या सावलीत ठेवावी आणि उरलेली वाट चालावी. स्टँडखाली एक सपाट दगड घालावा.

ओझं बांधण्यातली चूक चढावर कळते. मागच्या कॅरिअरवर बर्फाचा डबा आणि जाळं बांधलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि विजेच्या मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण असल्यामुळे दरडीवर हँडल हातातून सुटल्यासारखं होतं. जड वस्तू खाली आणि पायांच्या मध्ये, हलकी मागे. सीटखालच्या डिकीत मासे अजिबात ठेवू नयेत. पुष्कळ स्कूटरमध्ये त्याच पोकळीच्या तळाशी बॅटरी किंवा तिच्या जोडण्या असतात, आणि बर्फाचं वितळलेलं पाणी, माशांचा बुळबुळीत स्राव तिथवर झिरपला तर जोडण्या काळ्या पडतात.

गळाच्या काठीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण हा धोका फार कमी लोकांच्या ध्यानात येतो. बांबूची काठी मागे पडून आता कार्बन फायबरच्या काठ्या आल्या आहेत. हलक्या, लवचिक, सुंदर. पण कार्बन वीजवाहक आहे. प्रवरेच्या दोन्ही काठांवर शेतीच्या मोटारी आहेत, त्यांच्याकडे जाणाऱ्या तारा आहेत, आणि कित्येक ठिकाणी त्या लोंबून खाली आलेल्या आहेत. गाडीवर उभी बांधलेली दहा-बारा फुटांची काठी अशा तारेखालून नेणं म्हणजे मरणाला हात लावणं. अकरा हजार व्होल्टच्या तारेला काठी टेकायचीही गरज नसते, पुरेशी जवळ गेली तरी ठिणगी उडते. काठी नेहमी घडी करून, पिशवीत, आडवी न्यावी. गळ टाकण्याआधी मान वर करून आकाश बघावं. आणि मोटारीची केबल पाण्यात गेलेली असेल त्या जागी ओल्या पायांनी उतरू नये.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली चूक एवढी एकच, पण ती सांगतो. उतारावर गाडी वळवताना खाली उतरलो होतो. चावी सुरू होती. इंजिनाचा आवाज नाही म्हणून गाडी बंदच आहे असं मन धरून चाललं होतं. तोल जाताना हात आपोआप मुठीवर आवळला, मूठ फिरली आणि गाडी मला घेऊन चार हात पाण्याकडे गेली. गुडघा फुटला, तेवढ्यावर निभावलं. तेव्हापासून पाय जमिनीला लागला की चावी बंद. पार्किंगचं बटण असेल तर तेही दाबावं. गाडी घेताना रिव्हर्सची सोय असलेली मिळाली तर काठावर तिचा फार उपयोग होतो, फक्त ती हळू चालणारी हवी.

रस्त्यावर ही नि:शब्दता दुसऱ्यांना महागात पडू शकते. साखर कारखान्यांच्या हंगामात पहाटेच्या अंधारात भेंडे आणि सोनईच्या वाटांवर उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. सगळ्यांना मागे रिफ्लेक्टर असतातच असं नाही. अमावास्येला शनिशिंगणापूरकडे पायी निघालेले लोक असतात. त्यांना मागून येणारी ई-बाईक ऐकूच येत नाही. हॉर्न लांबूनच आणि हलका वाजवावा, अंगाला लागून वाजवला की माणूस दचकून नेमका आडवा येतो. उसातून जाणाऱ्या पांदीत तर पहाटे एकट्याने जाऊ नये. प्रवराकाठच्या उसात बिबट्या आहे, आणि त्यालाही आपली गाडी ऐकू येत नाही.

आवाज नाही म्हणून मासे जास्त लागतात असं काही जण मानतात. तसं होत नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळाच परत फिरतो, हजारातला जेमतेम एक भाग पाण्यात उतरतो. माशाला कळतात ते जमिनीतून जाणारे हादरे: काठावर आपटलेले पाय, धाडकन ठेवलेला डबा. शांततेचा खरा फायदा पाखरांना होतो. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे रोहित उतरतात, पट्टकदंब येतात, आणि एक मोटारसायकल फटफटत काठावर आली की सगळा थवा उठतो. विजेच्या गाडीने तो बसून राहिलेला मी पाहिला आहे, आणि गाडीचे पैसे मला तिथेच फिटल्यासारखे वाटले. अर्थात शांतपणे जाता येतं म्हणून कुठेही जावं असं नाही. अभयारण्याच्या हद्दीचे नियम आहेत. जलाशयांचे ठेके मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, त्यांच्यावर भोई कुटुंबांची पोटं आहेत. हौशी माणसाने आधी विचारावं, परवानगी असेल तिथेच गळ टाकावा.

घरी आल्यावर पहिली इच्छा होते ती गाडी चार्जिंगला लावायची, म्हणजे संध्याकाळी पुन्हा तयार. इथेच थांबायचं असतं. उन्हातून, चढावरून, ओझ्याखालून आलेली बॅटरी आतून तापलेली असते. तशीच चार्जरला लावली की ती आणखी तापते आणि लवकर म्हातारी होते. चार्जिंगसाठी सोळा अँपिअरचा, नीट अर्थिंग असलेला पॉइंट हवा. पाच अँपिअरच्या पॉइंटवरून एक्स्टेन्शनच्या बोर्डाला जोडून भागवू नये. शेतातल्या पंपाच्या पेटीतून तर मुळीच नको. तिथला दाब कधी किती असेल याचा भरवसा नसतो. काढता येणारी बॅटरी असेल तर ती झोपायच्या खोलीत, पलंगापाशी किंवा घराबाहेर पडायच्या एकुलत्या दारात लावू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा एक मुलगा भाजून दगावला. वेल्लोरला त्याच वर्षी मार्चमध्ये एक बाप आणि त्याची मुलगी गेली, ती धुराने गुदमरून. बॅटरी फुगली, विचित्र गोडसर वास आला, विनाकारण गरम लागली, किंवा नदीत बुडून निघाली, तर ती सुरू करू नये, चार्ज करू नये, घरापासून लांब उघड्यावर ठेवून सर्व्हिस सेंटरला कळवावं. पेट घेतलाच तर धूर श्वासात जाऊ न देता माणसं बाहेर काढावीत आणि ११२ ला फोन करावा.

एवढं सगळं सांभाळायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. गाडी ओसरीच्या सावलीत लावायची, चाकांची माती काडीने खरवडायची, जाळं दोरीवर पसरायचं, मग राखेत हात बुडवून मासे साफ करायला बसायचं. चार मरळ आणि दोन-तीन चिलाप्या निवडून, धुऊन, हळद-मीठ लावून होईपर्यंत पाऊण तास जातो. तेवढ्यात बॅटरी निवलेली असते.